तरीकाठचा मुक्काम

आमच्या वर्ध्यास समुद्र नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पहिल्या धड्यापासून येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. जिल्ह्याच्या पश्चिम अंगाने वर्धा नदी वाहते. ती सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते आणि पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता होते. गावाजवळ पवनारास धाम आहे. परंतु या नद्यांचे पाणी आमच्या ओळखीचे, म्हणजे पावसाळ्यात गढूळ आणि वैशाखात वाळूच्या कडेने आटलेले. दिवसातून दोनदा चढणारे व दोनदा उतरणारे पाणी आम्ही केवळ पुस्तकात वाचलेले. अशा मनुष्यांनी खाडीच्या तोंडाशी, तरीच्या धक्क्याजवळ, एक रात्र राहुटीत काढावयाचे ठरविले, तेव्हा आमच्या हातून कोणत्या चुका झाल्या आणि शेवटी कोणती गोष्ट उपयोगी पडली, ते येथे लिहीत आहो. विदर्भातून कोकणात कुलदैवतास जाणारी आमच्यासारखी घरे पुष्कळ आहेत. त्यांना याचा काही उपयोग झाला तर बरेच आहे.

प्रथम या मुक्कामाची गरज का पडली, ते सांगितले पाहिजे. आमचे पणजोबा मूळचे गुहागराकडील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पंधरा-सोळा वर्षांचे असता घरातून निघाले. धोपाव्याहून तरीने खाडी ओलांडून ते दाभोळास आले, तेथून पडावाने आगबोटीवर चढले, मुंबईस उतरले आणि रेल्वेने वर्ध्यास येऊन कचेरीत उमेदवारी करू लागले. १८६६ साली पालकवाडीच्या जागी आखून वसविलेले हे गाव तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते, आणि लिहितावाचता येणाऱ्या मुलास येथे काम मिळत असे. निघताना त्यांच्या आईने त्यांच्याकडून एक वचन घेतले होते. हाताला स्थैर्य आले की परत यावे, व्याडेश्वरास अभिषेक करावा आणि दुर्गादेवीची ओटी भरावी. पणजोबांनी पैसे पाठविले, ते स्वतः मात्र कधी गेले नाहीत. आजोबांना नोकरीने सोडले नाही, वडिलांना प्रकृतीने. ते वचन अशा रीतीने घरात उरले आणि वाटण्यांच्या वेळी कोणीही मागितले नाही म्हणून आमच्या आत्याबाईंकडे आले.

आत्याबाई आज एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या आजोबांच्या तोंडून तरीची हकीकत त्यांनी लहानपणी ऐकली असल्यामुळे, "जायचे ते त्याच वाटेने, पाण्यावरून," असा त्यांचा वर्षानुवर्षांचा हट्ट होता. परंतु १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे आमच्याच वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ माणसे बुडाली. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेले ते नातेवाईक होते. ती बातमी वाचल्यापासून आत्याबाईंचा हट्ट मावळला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, ती गोष्ट त्या पूर्वीही सांगत असत. आता ती पुनःपुन्हा सांगू लागल्या. गुहागरास जाण्याची इच्छा कायम होती, पण पाण्याचे नाव काढले की त्या उठून देवघरात जात.

आमचे थोरले बंधू व्यवहारी. त्यांचे म्हणणे सरळ होते: "खेड-चिपळूणवरून गुहागरास पक्की सडक आहे. बोटीचा प्रश्नच कशाला?" हे खरेही होते. दापोलीकडून गुहागरास जावयाचे झाले तर पूर्वी मोटारींना तोच वळसा घ्यावा लागे. २००३ साली दाभोळ व धोपावे यांच्यामध्ये गाड्या वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली, तेव्हापासून तो वळसा टळला. परंतु आत्याबाईंनी बंधूंना उत्तर दिले नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसे." ज्या घरात त्यांनी साठ वर्षे आपले म्हणणे स्पष्ट सांगितले, त्या घरात हे वाक्य कोणासच बरे वाटले नाही. तेव्हा वहिनींनी मार्ग सुचविला. खाडीच्या अलीकडच्या काठी एक रात्र मुक्काम करावा. सकाळी आत्याबाईंनी पाणी पाहावे, बोट पाहावी, आणि मग हो किंवा नाही म्हणावे. नाही म्हणाल्या तर गाडी फिरवून चिपळूणची वाट धरावी. कोणी आग्रह करू नये, कोणी थट्टा करू नये. हे सर्वांस पटले. म्हणजे आमचा मुक्काम नुसता निजण्यापुरता नव्हता. एका वृद्ध मनुष्यास आपल्या मनाने ठरविण्यास वेळ मिळावा, एवढ्यासाठी तो होता. तो धक्क्याच्या जवळच असणे म्हणूनच अवश्य होते.

जागा शोधण्याचे काम पुतण्याने अंगावर घेतले. तो पुण्यास शिकतो, आणि तंबूत राहण्याची त्याच्या वयाच्या मुलांस अलीकडे फार हौस असते. त्याने मोबाईलवर चित्रे दाखविली. वाळूवर ओळीने उभ्या राहुट्या, त्यांवर दिव्यांच्या माळा, समोर समुद्र. पौषातील पौर्णिमेची रात्र त्याने मुद्दाम निवडली होती. जाहिरातीत 'पाण्यापासून दहा पावलांवर' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते, आणि आम्हां सर्वांस तो गुणच वाटला. निम्मी रक्कम आगाऊ मागितली होती, ती त्याने त्याच दिवशी पाठवून दिली.

दोन दिवसांनी आमच्या एका दापोलीच्या स्नेह्यांशी सहज बोलणे झाले. त्यांनी तिथी विचारली आणि ते हसू लागले. कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ पंचांगावरून काढतात, ती रीत त्यांनी आम्हांस सांगितली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. पंधराव्या तिथीची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून पौर्णिमेस रात्री सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असणार, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी पुन्हा. शिवाय पौर्णिमा व अमावास्या या दिवशी चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत येते, त्यामुळे ती भरती इतर दिवसांहून मोठी. तिलाच उधाण म्हणतात. "दिवसा ओहोटीच्या वेळी दहा पावले मोजली असतील," ते म्हणाले, "रात्री ती दहा पावले कुठे असतील, ते त्यांना विचारा."

पुतण्याने विचारले. प्रथम उत्तर आले की, पाणी कधीच येत नाही. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा, आले तर राहुटी मागे सरकवू, असे आले. वृद्ध मनुष्यासाठी स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, या प्रश्नास 'जवळच' असे उत्तर मिळाले, आणि किती पावले, हे काही केल्या कळेना. दाभोळचा धक्का तेथून गाडीने किती वेळाचा, हेही नीट सांगता येईना. आम्ही तो बेत रद्द केला. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही, कारण परत मिळण्याविषयी आम्ही पैसे देण्यापूर्वी एक अक्षरही विचारले नव्हते. रकमेचे दुःख फार नव्हते. पुतण्या मात्र दोन दिवस जेवताना बोलला नाही. आत्याबाईंनीच त्याला जवळ बसवून सांगितले, "अरे, पैसे पाण्यात गेले, माणसे नाही गेली." त्या प्रसंगानंतर त्या प्रथमच पाण्याविषयी काही हलके बोलल्या, म्हणून हे वाक्य आमच्या लक्षात राहिले.

दुसऱ्या खेपेस आम्ही रीत बदलली. आधी प्रश्न कागदावर लिहिले आणि मग दूरध्वनी केले. धक्का किती मिनिटांवर आहे, आणि त्या हंगामात पहिली व शेवटची फेरी किती वाजता सुटते? जागा भरतीच्या खुणेच्या किती वर आहे? जमीन वाळूची, मातीची की जांभ्याची? राहुटी तुमची की आम्ही आणावयाची? रात्री दिवा कोठपर्यंत आहे? पाणी पिण्याचे कोणते? स्वच्छतागृह कोणत्या पद्धतीचे? गाडी दारापर्यंत येते की नाही? न आल्यास पैशाचे काय? या प्रश्नांची नीट उत्तरे देणारी माणसे थोडी निघाली. काही ठिकाणी तर प्रश्न ऐकूनच आम्ही फार चिकित्सक आहो, असा त्यांचा ग्रह झाला.

शेवटी दाभोळच्या अलीकडे नारळी-पोफळीची वाडी असलेल्या एका घराचा पत्ता मिळाला. घरच्या बाई फोनवर होत्या. आमचा कागद वाचून होण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "आजींचे वय काय हो?" वहिनींनी सांगितले. "मग आधी ऐका. खालच्या बाजूने आलात तर चाळीस पायऱ्या आहेत, आणि त्या सारख्या नाहीत. वरच्या बाजूला फाटक आहे, तिथून गाडी आत येते. पण ते कुलूप लावलेले असते. आदल्या दिवशी कळवा, म्हणजे उघडून ठेवते. तंबू अंगणात लावा, हरकत नाही. पण आजींना तंबूत निजवू नका. पहाटे दव पडते, जमीन गार लागते. त्यांना माजघराशेजारची खोली देते, खाट आहे." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "समुद्र इथून दिसत नाही बरे का. खाडी दिसते. नंतर फसवले म्हणू नका."

एवढ्या उणिवा आपण होऊन सांगणारे माणूस आम्हांस तोवर भेटले नव्हते. बंधूंनी तेथल्या तेथे होकार दिला. बाईंनी थोडीच रक्कम आगाऊ घेतली. तारीख, माणसे, जेवणाची संख्या, आठ दिवस आधी कळविल्यास पैसे परत, असे सर्व त्यांनी मुलाकडून लिहवून मोबाईलवर पाठविले. सरकारची घरगुती निवास व न्याहारीची योजना आहे. अशा घरांपैकी एखादे मिळाले तर चौकशीस एक आधार असतो. परंतु नोंदणी असो वा नसो, ज्याच्या जागेत राहुटी उभारावयाची त्याची स्पष्ट संमती असली पाहिजे. उघड्या किनाऱ्यावर कोणासही न विचारता मुक्काम ठोकणे हे धोक्याचेही आहे व गैरही.

राहुटी आमच्याजवळ होती; पुतण्याने ती मित्राकडून आणली होती. निघण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी म्हणून ती आम्ही आमच्या गच्चीवर उभारली. वर्धेकरास उघड्यावर निजण्याचे नावीन्य नाही; उन्हाळ्यात घरोघर गच्चीवर अंथरुणे पडतात. परंतु पौषातील थंडी निराळी आणि कापडी घर निराळे. पहाटे पाहतो तो आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमलेले, आणि कापडास टेकलेले पांघरूण ओले. दोन्हीकडील जाळीच्या खिडक्या थंडीच्या भीतीने आम्ही घट्ट बंद केल्या होत्या, त्याचा हा परिणाम. माणसांच्या श्वासातील ओलावा आतच राहिला. दुसऱ्या रात्री खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या, खाली जाड सतरंजी घातली, आणि सर्व ठीक झाले. आत्याबाई सकाळी चहाच्या वेळी वर आल्या, राहुटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "यात माझी सोय नाही, पण मुलांची हौस होईल." तेव्हा वाडीवाल्या बाईंनी दिलेला सल्ला किती योग्य होता, ते कळले.

प्रवासाची तयारी घरच्या रीतीने झाली. दशम्या, मेतकूट, लिंबाचे लोणचे, आणि वर्ध्याहून कोणाकडे जावयाचे तर अवश्य न्यावयाचा गोरसपाक, त्याचे दोन डबे. एक वाटेसाठी, एक वाडीवाल्या बाईंसाठी. ओटीचे खण-नारळ आत्याबाईंनी स्वतःच्या पिशवीत ठेवले आणि ती पिशवी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. संध्याकाळच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणास उतरलो. तेथून आठ माणसांस पुरेल अशी भाड्याची गाडी केली आणि पनवेल, माणगाव, महाड या वाटेने दापोलीस पोचलो तो दुपार टळली होती.

दापोलीस जुनी माणसे अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी येथे फौजेची छावणी घातली, त्याची ती आठवण. साने गुरुजींचे काही शिक्षण येथे झाले, आणि १९७२ साली येथे कोकणचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कोकणात राहुट्यांचा मुक्काम करणारे आम्ही पहिले नव्हेत, असे पुतण्याने हसत सांगितले. आम्ही तेथे थांबलो ते केवळ चहापुरते. वळणावळणाच्या रस्त्याने दाभोळ येईपर्यंत ऊन उतरले.

दाभोळ हे आज लहानसे गाव आहे. एके काळी मात्र बहामनी राज्याचे ते मोठे बंदर होते. येथून घोडे उतरत, कापड व मसाले जात. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला रशियन प्रवासी निकितिन याने या बंदराचा उल्लेख केला आहे. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सरदार अल्मेदा याने आरमार आणून हे शहर जाळले. पुढे विजापूरकरांच्या काळात, सतराव्या शतकात, पाण्याच्या काठी एक दगडी मशीद उभी राहिली. ती अजून आहे. टेकडीच्या पोटात चंडिकादेवीचे गुहेतील स्थान आहे. पलीकडच्या काठास अंजनवेलच्या बाजूला संध्याकाळी विजेचे दिवे ओळीने लागले. तो वीजप्रकल्प दाभोळच्या नावाने देशभर गाजला, पण आहे तो गुहागर तालुक्यात. दाभोळास मिळाले ते फक्त नाव.

बाईंनी वरचे फाटक उघडून ठेवले होते. गाडी थेट अंगणात आली. राहुटी मुलांनी अर्ध्या तासात उभारली. नारळाच्या झाडाखाली ती लावू नका, असे बाईंनी बजावले. वरून झावळी पडली किंवा नारळ सुटला तर कापड काय आणि कपाळ काय! हे आमच्या प्रश्नांच्या कागदात नव्हते. राहुटी अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात गेली. रात्री तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी, असे साधे जेवण झाले. गोरसपाक पाहून बाईंनी त्याचे नाव विचारून घेतले.

रात्री अकराच्या सुमारास आम्ही पडवीत आलो तो आत्याबाई तेथे बसलेल्या. चांदणे लख्ख होते. संध्याकाळी जेथे चिखल व लहान होड्यांचे तळ दिसत होते, तेथे आता पाणी होते, आणि होड्या वर तरंगत होत्या. आवाज काहीच नव्हता. आमच्या नदीला पूर येतो तेव्हा मैलभर ऐकू जातो. हे पाणी गुपचूप चढले होते. आम्ही घड्याळ पाहिले. सव्वाअकरास दहा मिनिटे कमी होती.

"तुझ्या पणजोबांची तर याच पाण्यावरून आली असेल ना?" आत्याबाईंनी विचारले.

आम्ही हो म्हणालो.

"तेव्हा तर केवढी असेल! दहा-पंधरा माणसांची, वल्ह्यांची. आणि मुलगा एकटा." काही वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला पाण्याचे भय वाटते, असे तुम्ही सगळे समजता. मला माणसांचे भय वाटते. 'आणखी दोघे बसतील, आणखी चौघे बसतील,' असे म्हणणारा कोणीतरी असतोच. लग्नाच्या गाडीत पाहत नाहीस का? उद्या मला आधी बघू दे. किती माणसे घेतात, कोण मोजतो, ते बघू दे. जास्त दिसली तर मी चढायची नाही, आणि तुम्हांलाही चढू देणार नाही."

वर्ध्यास महिनाभर आम्ही ज्या भयाची समजूत घालीत होतो, ते हे नव्हतेच. आम्ही त्यांना बोट किती मोठी आहे, खाडी किती शांत आहे, हेच सांगत राहिलो होतो. त्यांचे म्हणणे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

सकाळी स्नाने आटोपून आम्ही धक्क्यावर गेलो. आत्याबाईंसाठी बाईंनी एक खुर्ची बरोबर दिली होती. ती सावलीत मांडून त्या बसल्या. समोरून बोट आली. रुंद, सपाट तळाची, पुढच्या बाजूस लोखंडी फळी असलेली. ती फळी धक्क्यावर टेकली, आणि तिच्यावरून मोटारी, दुचाक्या व पायी माणसे उतरली. मग या बाजूची चढली. आत्याबाई बोटे मोडीत मोजत होत्या. तिकीट देणाऱ्या मुलास त्यांनी जवळ बोलावले आणि तरंगणारी जाकिटे कोठे ठेवतात, ते विचारले. तो मुलगा चिडला नाही. दुसऱ्या फेरीची बोट आली तेव्हा तो त्यांना फळीपर्यंत घेऊन गेला आणि जागा दाखविली. ती बोट भरून सुटली, तरी आमच्यातील कोणी काही बोलले नाही. बंधू दोनदा घड्याळाकडे पाहून पुन्हा खिशात हात घालून उभे राहिले. पुतण्या मात्र आत्याबाईंच्या शेजारी बसून त्यांच्या बरोबरीने मोजत होता.

तिसऱ्या बोटीच्या वेळी आत्याबाई उठल्या. "चला," म्हणाल्या, "ही चालेल."

गाडी चढविताना माणसांनी आत बसून राहू नये, हे आम्हांस बाईंनी सांगितले होते, म्हणून आम्ही सर्व पायी चढलो आणि बाकांवर बसलो. खाडी ओलांडण्यास पाव तासही लागला नसेल. आत्याबाईंनी ओटीची पिशवी मांडीवर धरली होती. त्या पाण्याकडे पाहत नव्हत्या. मागे, दाभोळच्या काठाकडे पाहत होत्या. पणजोबा त्या बाजूस गेले होते, आणि आम्ही त्या बाजूने येत होतो. धोपाव्यास फळी टेकली तेव्हा त्यांनी पुतण्याचा हात धरला. उतरल्यावर त्यांनी तो लवकर सोडला नाही.

त्या दिवशी दुपारी गुहागरास व्याडेश्वरावर अभिषेक झाला आणि दुर्गादेवीची ओटी भरली. गुरुजींनी संकल्पासाठी नाव विचारले तेव्हा आत्याबाईंनी प्रथम आपल्या आजोबांचे नाव सांगितले. ते गेल्यास कैक वर्षे झाली, हे कळल्यावर गुरुजी क्षणभर घोटाळले. पण आत्याबाईंनी सर्व हकीकत थोडक्यात सांगितली आणि मग संकल्प त्यांनी सांगितला तसाच झाला. परतताना बंधूंनी गाडीवानास चिपळूणची वाट पुसली, तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, "कशाला एवढा वळसा? बाईंची खुर्ची परत द्यायची आहे." खुर्ची आमच्या गाडीतच राहिली होती. आम्ही पुन्हा बोटीनेच आलो. या वेळीही त्यांनी माणसे मोजली.

वर्ध्यास आल्यापासून तीन घरांनी आमच्याकडे त्या वाडीची चौकशी केली आहे. आम्ही त्यांना पत्ता देतो, आणि त्याबरोबर आमचा प्रश्नांचा कागदही देतो. त्यात आता नारळाच्या झाडाची भर पडली आहे, आणि तिथी पाहूनच तारीख ठरवावी, हेही वर लिहिले आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मात्र कोकणात राहुटीचा विचारच करू नये. शेवटची फेरी गाठू, या भरवशावर संध्याकाळचा हिशेब बांधू नये. घाटात अर्धा तास कोठे जातो ते कळत नाही. आणि घरात कोणी वृद्ध मनुष्य पाण्यास भीत असेल तर त्याची समजूत घालण्यापूर्वी, भय नक्की कशाचे आहे, एवढे त्यास एकदा विचारावे. आम्हांस ते विचारण्यास खाडीच्या काठापर्यंत जावे लागले.

आत्याबाई आता पुढच्या वर्षीचे पंचांग येण्याची वाट पाहत आहेत. बाईंनी त्यांना आंब्याच्या दिवसांत बोलाविले आहे. राहुटी न्यावयाची की नाही, हे अद्याप ठरावयाचे आहे. माजघराशेजारच्या खोलीविषयी मात्र त्यांनी आपणच दूरध्वनी करून ठेवला आहे.